छायाचित्र काढून झाल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे अरुणावती नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. तेथील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. आठवीच्या मुलांनी दोन कुंड्यांत सरकी लावली होती. एका कुंडीत शेणखत घातलेली माती होती, दुसरीत नुसती माती. रोपांची वाढ रोज मोबाईलवर टिपायची, असा प्रयोग. महिनाभरात दोनशेहून अधिक छायाचित्रे जमली. तीन मुलांनी ती आपापल्या मोबाईलवर काढली, वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि तेथून संगणकावर उतरवली. आता मात्र कोणते चित्र कोणत्या दिवसाचे आणि कोणत्या कुंडीचे, हे कोणालाच सांगता येईना. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "सर, फोटो तर ढीगभर आहेत. पण आता त्यांचं करायचं काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण छायाचित्रणाइतकाच जुना आहे. कॅमेऱ्याचे काम कळ दाबताच संपते, तर छायाचित्राचे काम तेथून सुरू होते. आपल्याकडच्या इतिहासातच याची चांगली उदाहरणे सापडतात.

मुंबईत १८५४ साली 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. लगेच अंधाऱ्या खोलीत जाऊन ते रसायनांनी उमटवायचे. काच वाळली की सारी मेहनत वाया. शिवाय हा थर निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होता आणि तांबड्याला जवळजवळ नव्हताच. त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. यावर छायाचित्रकारांनी एक तोड काढली. ढगांची निगेटिव्ह वेगळी घ्यायची आणि छापताना ती देखाव्याच्या निगेटिव्हला जोडायची. दोन चित्रांचे एक चित्र करण्याची ही युक्ती संगणकाच्या शंभर वर्षे आधीची आहे.

पुढे या युक्तीचा वापर आकाशापुरता राहिला नाही. याच संस्थेशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सन यांचे 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध झाले. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे त्यात आहेत. माणसे एखाद्या इमारतीसमोर किंवा उघड्या माळावर उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांची चित्रे वेगळी घेतलेली होती, पार्श्वभूमी वेगळी होती आणि नंतर त्यांची जोडणी केलेली होती. माणसे खरी आणि जागाही खरी, पण ती माणसे त्या जागी तशी उभी होती हे मात्र खरे नाही. पोशाख अभ्यासायला ही चित्रे उपयोगी पडतात. 'हे लोक येथे वावरत' याचा पुरावा म्हणून ती वापरली, तर आपण फसतो.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि रोपाच्या वाढीची चित्रे एकेक करून टिपली. हाच तो 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट. फाळके रोज एक चित्र घेत, असे महिनाभर चालले आणि चित्रपट मिनिटाहून थोडा अधिक झाला, असे सांगितले जाते. शिक्षकांनी हा हिशोब वर्गात जरूर घालावा. मूकपटांच्या काळातला सेकंदाला सुमारे १६ चित्रांचा वेग धरला, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. रोज एकच चित्र घेतले, तर महिन्याच्या चित्रांचा खेळ दोन सेकंदांतच आटोपेल! म्हणजे दिवसाला तीसेक चित्रे तरी घेतली असली पाहिजेत, किंवा प्रत्येक चित्र अनेकदा छापले असले पाहिजे. ते काहीही असो, सुट्या चित्रांतून वाढ दिसत नव्हती, ती दिसली क्रमाने जोडल्यावर. आर्णीच्या मुलांचा हरवला होता तो हाच क्रम.

फाळक्यांच्या पुढच्या कामातून आणखी एक धडा मिळतो. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळे होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांतली पहिले आणि शेवटचे अशी दोनच आहेत. तीसुद्धा १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतील असावीत, असे काही अभ्यासक मानतात. प्रती जपल्या नाहीत म्हणून अर्धा चित्रपट गेला आणि जो उरला त्याच्या सालाबद्दलही वाद राहिला.

आता डिजिटल छायाचित्राकडे वळू. हे चित्र म्हणजे आकड्यांचे कोष्टक असते. १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याच्या प्रत्येक चित्रात २०० गुणिले २०० ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते ६३ यांपैकी एका आकड्याने कळत होता. संगणक चित्र तयार करीपर्यंत कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेतल्या मंडळींना धीर धरवेना. त्यांनी आकडे छापलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि खडूंनी रंगवून मंगळाचे चित्र हातानेच पुरे केले. चौकटीच्या वहीवर हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येईल.

आकडे म्हटले की सुधारणा म्हणजे गणित. समजा, एका अंधुक चित्रातले सारे आकडे ६० ते १३० यांच्या दरम्यान आहेत, आणि दाखवता येतात ० ते २५५. प्रत्येक आकड्यातून ६० वजा केले आणि उत्तराला सुमारे ३.६ ने गुणले, की चित्र उजळते आणि पानावरच्या शिरा दिसू लागतात. यात नवे काही घातलेले नाही, असलेला फरक ठळक केला एवढेच. पण उन्हामुळे सारे ठिपके २५५ वर जाऊन बसले असतील, तर त्यांच्यातला फरक कोणत्याही गुणाकाराने परत येणार नाही.

चित्र साठवतानाही काही गमावले जाते. मोबाईल सहसा जेपेग पद्धतीने चित्र साठवतो. हे प्रमाण १९९२ साली ठरले. त्यामागचे गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडले होते. चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे तुकडे पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे त्यातून गाळले जातात. म्हणून जागा वाचते. पण चित्र बदलून पुन्हा पुन्हा साठवले, तर दरवेळी थोडे अधिक गळते. ग्रुपवर टाकलेले चित्र तर पुष्कळदा लहान केले जाते आणि कॅमेऱ्याने आत नोंदलेली तारीख व वेळही पुसली जाते. आर्णीत नेमके हेच झाले होते.

आम्ही मुलांना मूळ मोबाईल आणायला सांगितले. दोन मोबाईलवर मूळ चित्रे होती आणि त्यांत तारखाही होत्या. तिसऱ्यावरची जागा भरली म्हणून पुसून टाकलेली होती. त्यामुळे नऊ दिवसांची जागा तक्त्यात रिकामीच राहिली. एका मुलीने विचारले, "मागच्या-पुढच्या चित्रांवरून मधलं तयार करून लावलं तर?" आजचा संगणक ते सहज करून देईल. बाई म्हणाल्या, "ते चित्र होईल गं, नोंद होणार नाही." रिकाम्या जागी मुलांनी 'नोंद नाही' असे लिहिले, आणि प्रदर्शनात तक्ता तसाच लावला.

दुसऱ्या दिवशी नव्या कुंड्या मांडल्या. या वेळी प्रत्येक कुंडीशेजारी एक पट्टी आणि तारीख व कुंडीचा क्रमांक लिहिलेले कार्ड उभे केले, म्हणजे ते चित्रातच यावे. मूळ चित्रे त्याच दिवशी शाळेच्या संगणकावर उतरवायची, त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची, उजळणे-कापणे करायचे ते प्रतीवरच आणि काय बदलले ते वहीत लिहायचे, असे ठरले. ती वही कोणी सांभाळायची यावरून मुलांत थोडे भांडण झाले. आम्हांला ते पाहून बरे वाटले.