हिस्टोन : पेशीच्या सुताची कांडी

नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें गांव पैठणीसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील विणकराच्या घरीं रेशमाचा तलम धागा प्रथम असारीवर चढतो, मग कांडीवर गुंडाळला जातो, आणि त्यानंतर मागावर येतो. धागा कितीहि मोलाचा असो, कांडीवर तो नीट बसला नाहीं तर गुंता होतो, आणि गुंत्याचें वस्त्र होत नाहीं. मनुष्याच्या शरीरांतील पेशीपुढें असाच प्रश्न उभा असतो. आनुवंशिक गुणांचा लेख ज्या डी. एन्. ए. नामक धाग्यावर असतो, तो एका पेशींतील सर्व मिळून सुमारें २ मीटर लांब भरतो. आणि ज्या केंद्रांत तो मावावयाचा, त्याचा व्यास बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी. हा धागा ज्यांवर गुंडाळला जातो तीं प्रथिनें म्हणजे हिस्टोन.

ह्या प्रथिनांचा शोध १८८४ सालीं आल्ब्रेख्त कॉसेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें लावला. मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्र नसतें, पक्ष्यांच्या रक्तपेशींत असतें. म्हणून कॉसेलनें पाळीव हंसाचें रक्त घेतलें, त्यांतील केंद्रें वेगळीं केलीं आणि सौम्य आम्लाच्या साह्यानें त्यांतून हें नवें प्रथिन काढलें. पेशीच्या रसायनशास्त्रांतील कार्याबद्दल त्याला १९१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या काळीं अनेकांचा समज असा होता कीं, आनुवंशिक गुण प्रथिनांतच सांठविलेले असावेत. परंतु १९४४ सालीं ऑस्वाल्ड एव्हरी व त्याचे दोन सहकारी ह्यांनीं जिवाणूंवरील प्रयोगांनीं तो मान डी. एन्. ए. ला दिला, आणि मग गांठोड्याच्या दोरीकडे पाहावें तसें हिस्टोनांकडे पाहिलें जाऊं लागलें.

ह्या दृष्टीस पहिला छेद स्टेडमन दांपत्यानें दिला. यकृत आणि मेंदू ह्या दोहोंच्या पेशींत लेख एकच असतांना त्यांचीं कामें इतकीं भिन्न कां, असा त्यांचा प्रश्न होता. नको असलेला मजकूर झांकून ठेवण्याचें काम हिस्टोन करीत असावींत, असा तर्क त्यांनीं १९५० सालीं मांडला. प्रत्येक अवयवाचीं हिस्टोन निराळीं असतात हें त्यांचें म्हणणें पुढें जसेंच्या तसें टिकलें नाहीं. परंतु प्रश्न खरा होता. १९६४ सालीं व्हिन्सेंट ऑलफ्री व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल नांवाचा लहानसा रासायनिक गट चिकटला म्हणजे लेखाच्या वाचनाला होणारा त्यांचा अटकाव कमी होतो.

कांडीची खरी रचना १९७४ सालीं रॉजर कॉर्नबर्गनें उलगडली. चार प्रकारचीं हिस्टोन, प्रत्येक प्रकारचीं दोन, अशीं आठ एकत्र येऊन एक गोळा बनतो. त्याभोंवतीं धागा पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास वळसे घेतो. हिस्टोनांवर धन विद्युद्भार असतो, धाग्यावर ऋण. म्हणून दोघें परस्परांस घट्ट धरून राहतात. अ‍ॅसिटिल गट हा धनभार कमी करतो आणि पकड सैल होते. ही खूण लावणारें व पुसणारें अशीं दोन्ही प्रकारचीं विकरें १९९६ सालीं ओळखलीं गेलीं, आणि केवळ दोरी समजलें गेलेलें द्रव्य प्रत्यक्षांत लेखाच्या वाचनाचें नियमन करतें हें सर्वमान्य झालें.

ह्या नियमनांत बिघाड झाला तर काय होतें, हें रोगांनीं दाखवून दिलें. रक्तदाबावरील हायड्रॅलझीन किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील प्रोकेनामाइड हीं औषधें दीर्घकाळ घेणाऱ्या कांहीं रुग्णांचें रक्त स्वतःच्याच हिस्टोनांविरुद्ध प्रतिद्रव्यें बनवितें, सांधे दुखूं लागतात व ताप येतो. सुदैवानें औषध थांबविल्यावर हा विकार बहुधा ओसरतो. पेशी फुटून हिस्टोन रक्तांत सांडलीं तर तीं रक्तवाहिन्यांच्या अस्तराला विषवत् ठरतात, हें जंतुदोषाच्या गंभीर अवस्थेविषयीं २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. कर्करोगांत तर खुणांचा हिशेबच चुकतो. पुसणाऱ्या विकरांना रोखणारें व्होरिनोस्टॅट हें औषध त्वचेच्या एका लिंफोमावर २००६ सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

महाराष्ट्रांतहि ह्या विषयाची परंपरा आहे. परळच्या टाटा रुग्णालयाशेजारीं १९५२ सालीं डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें. तीच संस्था पुढें खारघर येथें नेण्यांत आली. यकृताचा कर्करोग उंदरांत टप्प्याटप्प्यानें वाढत असतां एच्-२-ए हिस्टोनाचा एक विशिष्ट प्रकार वाढत जातो, असें तेथील संशोधकांनीं २०११ सालीं दाखविलें. पुण्यांत डॉ. संजीव गलांडे ह्यांनीं लेखाच्या मांडणीचें नियमन करणाऱ्या प्रथिनांवर केलेल्या कार्यास २०१० सालीं भटनागर पारितोषिक लाभलें.

परंतु सर्वांत करुण प्रकरण लहान मुलांचें आहे. मेंदूच्या देठांत उद्भवणाऱ्या एका गांठीला शस्त्रक्रियेचा हात पोंचत नाहीं. अशा बहुसंख्य गांठींत एच्-३ हिस्टोनाच्या सत्ताविसाव्या स्थानीं एकच अमिनो आम्ल बदललेलें असतें, हें २०१२ सालीं उघड झालें. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत त्या रोगाच्या नांवांतच हा बदल समाविष्ट झाला. २०२५ सालीं ऑगस्टमध्यें अमेरिकेनें डॉर्डाव्हिप्रोन ह्या औषधाला ह्या रोगासाठीं सशर्त मान्यता दिली. चाचणींत पांचांतील एखाद्याच रुग्णाची गांठ लक्षणीय आकसली. हंसाच्या रक्तापासून येथवर येण्यास एकशें एक्केचाळीस वर्षें लागलीं. आणि उरलेल्या चौघांसाठीं शोध अद्याप चालूच आहे.