वैद्यकीय शिक्षण आणि खेडे : सावली परिसराच्या संदर्भात एक तौलनिक दृष्टिक्षेप

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली येथे १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास गेले. तेथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. नागपूरच्या १९४७ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी तिची तुलना उद्बोधक ठरते. नागपूरच्या विद्यार्थ्यांना विशाल रुग्णालयामुळे रुग्णांची विपुलता लाभली. सेवाग्रामला मात्र प्रथम वर्षाचेच विद्यार्थी पंधरा दिवस दत्तक खेड्यात राहून, नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करू लागले. देशाच्या अभ्यासक्रमात प्रारंभिक रुग्णसंपर्क व ऐच्छिक प्रशिक्षण यांना स्थान मिळाले ते २०१९ मध्ये.

चंद्रपूरला २०१५ मध्ये, तर गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सावली या दोहोंना जोडणाऱ्या मार्गावर आहे. हिवताप व सिकलसेल हे या वनप्रदेशाचे जुने आजार. भावी डॉक्टरला त्यांची पहिली ओळख वॉर्डात व्हावी की रुग्णाच्या घरी, यावर नव्या महाविद्यालयांचे या भागातील सार्थक्य अवलंबून राहील. सेवाग्रामचा इतिहास दुसऱ्या पर्यायाकडे निर्देश करतो.