तगाई, बांधबंदिस्ती व अनुदान : करमाळा तालुक्यातील शेतजलप्रदूषणाच्या संदर्भात

शेतीमुळे होणाऱ्या जलप्रदूषणास आळा घालण्याकरिता शेतकऱ्यास सरकारी द्रव्यसाहाय्य द्यावे, ही कल्पना सामान्यतः अगदी अलीकडची व परकीय समजली जाते. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने शहरांच्या व कारखान्यांच्या सांडपाण्यास बंधन घातले. शेतातून वाहून जाणारे पाणी बहुतांशी त्या बंधनाबाहेर राहिले आणि १९८७ मध्ये त्यासाठी अनुदानाची तरतूद करावी लागली. आपल्याकडील १९६९ चा महाराष्ट्राचा व १९७४ चा केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदाही मुख्यत्वे गटारातून वा नळातून बाहेर पडणारे सांडपाणी डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. शंभर बांधांवरून ओघळणाऱ्या पाण्याला एक तोंड नसते. त्यावर नोटीस बजावणार कोणावर? तेव्हा येथे दंडापेक्षा साहाय्याचा मार्गच उरतो. हा मार्ग करमाळा तालुक्यात शतकाहून अधिक काळ निराळ्या नावांनी चालत आला आहे. परंतु तो दुष्काळनिवारणार्थ आखलेला असल्याने पाण्याच्या शुद्धतेचा हिशेब त्यात कधीच आला नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

करमाळा तालुका भीमा व सीना या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला, अवर्षणप्रवण प्रदेश आहे. श्रीदेवीच्या माळावर कमळाभवानीच्या देवालयाजवळ रावरंभा निंबाळकरांच्या काळातील ९६ पायऱ्यांची बारव आहे. पाण्यासाठी केलेला खर्च हे तेव्हा धर्मकृत्य होते. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात करावयाच्या कामासाठी कायदेशीर चौकट मात्र १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर आली. १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा हे ते दोन कायदे. दोहोंखालील कर्जास आपल्याकडे 'तगाई' हेच नाव रूढ झाले. शब्द अरबी आहे व त्याचा मूळ अर्थ बळ देणे असा आहे.

या दोन कायद्यांतील भेद महत्त्वाचा आहे. १८८४ चा कायदा बी-बियाणे, बैल अशा तात्कालिक गरजांचा. १८८३ चा कायदा मात्र विहिरी, तळी यांबरोबरच पाण्याचा निचरा, पुरापासून रक्षण आणि पाण्यामुळे होणारी जमिनीची धूप थांबविणे यांसाठीही कर्ज देऊ करीत होता. परतफेडीची मुदत सामान्यतः ३५ वर्षांपलीकडे जाऊ नये, असे त्यात होते. गावातील अनेकांनी मिळून, संयुक्त जबाबदारीवर कर्ज घेण्याची सोयही ९ व्या कलमात गृहीत धरलेली आहे. वसुली मात्र जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होई. म्हणजे हे दान नव्हते, कर्जच होते. आणि तारण जमिनीचे असल्यामुळे जो दुसऱ्याची जमीन कसत होता तो या बळापासून दूरच राहिला.

धूप किती होते हे मोजण्याचे काम पुढे १९३३ मध्ये सोलापूर येथे सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात झाले. एन. व्ही. कानिटकर व त्यांचे सहकारी यांनी पावसाचे किती पाणी शेताबाहेर जाते व त्याबरोबर किती माती जाते, याची वाफ्यांतून नोंद केली. बांध घालणे, वारंवार कुळवणी, पेरणीत अधिक अंतर व कमी बियाणे ही 'मुंबई कोरडवाहू पद्धत' तेथूनच पसरली. १९४२ च्या मुंबई जमीनसुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्ती ही एका शेतकऱ्याची खाजगी बाब न ठेवता सबंध क्षेत्राची योजना केली. हे योग्यच झाले. कारण वरच्या शेतातील पाणी न आवरता खालच्या शेतात घातलेला बांध एका वळवात फुटतो.

आता या बांधाचा जलप्रदूषणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. खतातील स्फुरद बव्हंशी मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतो व गाळाबरोबरच ओढ्यात उतरतो. बांधाने गाळ अडला की स्फुरदही अडतो. नत्राचे तसे नाही. त्याचे नायट्रेट पाण्यात विरघळते आणि जादा पाण्याबरोबर मुळांखाली झिरपून विहिरीत जाते. त्याला बांध अडवीत नाही. त्यासाठी पाणी व खत दोन्ही बेताने द्यावे लागतात. दुष्काळाच्या भीतीने घातलेल्या बांधाने पहिले काम न कळत केले. दुसऱ्या कामाची गरज तोवर भासली नव्हती, कारण कोरडवाहू ज्वारीला रासायनिक खत देतो कोण?

ही गरज उजनीने निर्माण केली. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा फुगवटा करमाळ्याच्या पश्चिम व दक्षिण भागात पसरला. केत्तूर, कुगाव, चिखलठाणच्या बाजूस ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्याच परिसरात उपशावर ऊस उभा राहिला. कंदरच्या बाजूस केळीच्या बागा झाल्या. ऊस आणि केळी ही दोन्ही पिके पाण्याची तशी खताचीही भुकेली. जलाशयावर दिसणारी जलपर्णी व हिरवा तवंग यांचा मोठा दोष पुणे व पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याकडे जातो, यात शंका नाही. सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल. परंतु त्याचा वाटा शून्य आहे असे मानणेही इतिहासास धरून नाही. शिवाय विहिरीतील नायट्रेट पुण्याहून आलेले नसते.

याच काळात, १९८६-८७ पासून, राज्याने ठिबक सिंचनास अनुदान देण्यास आरंभ केला. पुढे २०१५ च्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांस ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के असे प्रमाण ठरले, आणि राज्याने त्यात आपली भर घातली. ठिबकमधून खत विद्राव्य स्वरूपात थोडेथोडे देता येते व झिरपा कमी होतो. म्हणजे जे काम बांधाला जमत नव्हते ते नळीने साधते. तथापि शासनाच्या लेखी ही योजना पाणीबचतीचीच राहिली. नळी बसविली पण पोती पूर्वीइतकीच टाकली, तरी अनुदान तेवढेच मिळते.

येथे १८८३ कडून आजकडे पाहता एक उलटापालट दिसते. तगाईच्या कायद्यात सामायिक कर्जदार होता, १९४२ च्या योजनेत सबंध क्षेत्र होते. ठिबकचे अनुदान मात्र सातबाऱ्यावरील एकेका नावाला जाते, आणि तेही बहुधा संच आधी स्वखर्चाने बसविल्यावर. सामायिकतेचे तत्त्व परतले ते २०१५ च्या परंपरागत कृषी विकास योजनेत : सुमारे ५० शेतकरी, ५० एकरांचा गट व तीन वर्षांची मुदत. परंतु ती योजना सेंद्रिय शेतीची, तिचा भर प्रमाणपत्रावर व बाजारावर. ज्याच्या नावे सातबारा नाही तो वाटेकरी व शेत राबविणारी स्त्री यांची स्थिती तगाईच्या काळाहून फारशी निराळी नाही.

साधने मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. २०१५ पासून मृद् आरोग्य पत्रिकेवर त्या शेतातील नत्र, स्फुरद व पालाश यांची नोंद होते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे, आणि विहिरींचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणा तपासते. ठिबकच्या प्रकरणात संचाचा आराखडा, देयक व जागेवरील तपासणी एवढे पाहिले जाते. त्याच शेताची मृद् पत्रिका व त्याच विहिरीचा पाणीतपासणी अहवाल त्या प्रकरणाला जोडावा लागत नाही.