दुसऱ्या छापाची तबकडी

मागच्या वर्षी एका जाणत्या संग्राहकाला मी माझ्याकडची एक तबकडी मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी लेबल पाहिलं, तबकडी उजेडात तिरपी धरली आणि परत देत म्हणाले, "रीइश्यू आहे. ठेवा." एवढंच! संग्राहकांच्या जगात पहिल्या छापाला मान असतो. पुन्हा काढलेली तबकडी स्वस्त, सहज मिळणारी, म्हणून दुय्यम. त्या दिवशी मी थोडा हिरमुसलो, पण प्रबंधाचं काम पुढे सरकलं तसं लक्षात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या दुसऱ्या छापातच आहे.

प्रश्न असा: विदर्भातल्या खेड्यांत ध्वनिमुद्रित संगीत कसं पोचलं, आणि लोकांनी त्यातलं काय ठेवून घेतलं?

ती तबकडी माझ्या गावची, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) इथली. आमच्याकडे एक काका लग्नाकार्यात भोंगा लावायचे. मुलगा ती पेटी भंगारात देणार होता, तेवढ्यात मी पोचलो. पेटीत बहुतेक सिनेमाची गाणी आणि मध्येच कोलंबियाच्या लेबलाची एक तबकडी: उस्ताद अब्दुल करीम खाँ, झिंझोटीतली ठुमरी. मी विचारलं, "काका, ही कशी काय तुमच्याकडे?" काका म्हणाले, "पहाटी भोंगा सुरू केला का आधी हेच लावो. हे वाजलं का गावाले समजे, आज कोणाच्या तरी घरी लगन आहे." आणि मग हसत म्हणाले, "मले वाटे, हा गवई तवा जित्ताच असन."

काकांनी ती तबकडी घेतली १९६०च्या दशकात, नागपूरला, सीताबर्डीवर. खाँसाहेब वारले १९३७ साली.

म्हणजे माणूस गेल्यावर पंचवीसेक वर्षांनी त्याचा आवाज आंजीच्या लग्नात नव्याने हजर! हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

अब्दुल करीम खाँचा जन्म १८७२चा, कैराना गावचा. पुढे ते मिरजेला स्थायिक झाले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलं. त्यांची ध्वनिमुद्रणं ढोबळमानाने दोन काळांतली. पहिली १९०५च्या सुमारास, ग्रामोफोन कंपनीसाठी. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणात रेघ ओढायची. मेणाचे ते ठसे तबकड्या बनवायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात, कारण भारतात कारखाना उघडला तो १९०८ साली, कलकत्त्याच्या सियालदहला. दुसरा काळ १९३०च्या दशकाचा, ओडियन कंपनीसाठी. मधल्या काळात, १९२५पासून, विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं होतं. त्यामुळे हळू आवाज, श्वास, मींडेचा शेवटचा धागा, सगळं पकडता येऊ लागलं. पण तोवर खाँसाहेब साठीच्या पुढे गेले होते.

आता लेबलाचं कोडं. गाणं ओडियनचं, मग तबकडी कोलंबियाची कशी? तर १९३१ साली ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एकत्र येऊन ई.एम.आय. झाली. ओडियनची मूळ कंपनी त्याआधीच कोलंबियाच्या ताब्यात होती. जुनं गाणं नव्या लेबलाखाली पुन्हा विकायची वाट अशी मोकळी झाली.

हे पुनर्मुद्रण होतं कसं, तेही सांगतो. मेणाच्या ठशावरून धातूचा उलटा साचा करतात, त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे साचे. या शेवटच्या साच्यांनी लाखेच्या तबकड्या दाबून काढतात. दाबून दाबून ते झिजतात, पण मागचे साचे जपले असतील तर नवे करता येतात. लेबल आणि रेघा यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात एक बारीक क्रमांक कोरलेला दिसेल. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा. लेबल बदललं तरी जुन्या साच्यावरून काढलेल्या तबकडीत तो क्रमांक टिकतो. जुनी तबकडी वाजवून तिच्यावरून नवं मुद्रण केलं असेल, तर सहसा क्रमांकही नवा येतो. म्हणजे एकाच तबकडीवर दोन वयं लिहिलेली असू शकतात: गायक कधी गायला, आणि लोकांनी ते पुन्हा कधी मागितलं.

ही मागणी माझ्या दृष्टीने महत्त्वाची. कंपनी काही पुण्य मिळवायला साचे बाहेर काढत नाही. खपेल याची खात्री असेल तरच काढते. इंग्लंडच्या उत्तर भागात १९७०च्या आसपास असंच घडलं. अमेरिकेत न चाललेली जुनी सोल गाणी तिथल्या नाचघरांत तरुणांनी इतकी उचलून धरली की त्यातल्या कित्येक तबकड्या पुन्हा काढाव्या लागल्या. तिथे ऐकणाऱ्यांनी पडलेली गाणी उठवली. आपल्याकडे काय उठलं आणि काय तसंच पडून राहिलं?

इथे खरी गोम आहे. खाँसाहेबांची १९३०च्या दशकातली गाणी आधी ७८च्या तबकड्यांवर, मग एल.पी.वर, मग कॅसेटवर येत राहिली. १९०५ची, तिशीतल्या ताज्या गळ्याची गाणी सामान्य श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोचली. "किराणा घराण्याचा आवाज" म्हणताना जो संथ, आर्त सूर आपल्या कानात येतो, तो एका साठी ओलांडलेल्या गवयाचा आहे. तो खोटा नाही, पण तो पूर्ण माणूसही नाही. पुनर्मुद्रणाने आठवण जपली, आणि जपताना निवडही केली.

सुराचीही तीच गत. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७५ फेऱ्यांवर मुद्रित केलेलं गाणं ७८वर वाजवलं तर सूर चार टक्क्यांनी चढतो. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांत अंतर असतं सुमारे सहा टक्क्यांचं. नव्या मुद्रणात ही चूक शिरली की पुढच्या पिढीला तीच पट्टी खरी वाटते. म्हणून गायकाच्या पट्टीवर वाद घालण्याआधी तबकडीचा वेग तपासावा.

पहिले छाप शोधायलाच हवेत. मुंबईत १९९०पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींनी आणि मायकेल किनियर यांच्यासारख्या सूचीकारांनी ते चिकाटीचं काम केलं नसतं, तर माझ्यासारख्याला तारखाच लावता आल्या नसत्या. पण पहिला छाप मला गायकाकडे नेतो. काकांची झिजलेली, काठावर टवका उडालेली कोलंबिया मला आंजीच्या पहाटेकडे नेते.

काकांना मी नंतर खाँसाहेबांच्या निधनाचं साल सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे माह्या जन्माच्या आधीच गेला थो? अन् मी त्याले इतक्या लगनात आणला."

तुमच्या घरीही माळ्यावर अशी पेटी असेल, तर भंगारात देण्याआधी लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यातला क्रमांक उतरवून ठेवा. घरात कोणी सांगणारं असेल तर तबकडी कधी, कुठे घेतली तेही विचारून लिहून ठेवा. आणि कृपा करून स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरडं मऊ फडकं पुरतं. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवा.