स्वमग्न मुलाशी संवाद : आधी थांबा, मग बोला

स्वमग्न मुलाने प्रतिसाद द्यावा म्हणून पालक सतत हाका मारतात, प्रश्न विचारतात. 'पास' या उपचारपद्धतीत त्यांना याच्या उलट शिकविले जाते. मूल काय करते ते आधी पाहावे, मग त्याच्याच खेळात शिरावे. मूल डब्याचे झाकण फिरवीत असेल, तर ते हिसकावून न घेता 'फिरतंय' एवढेच म्हणावे. ऐकायला सोपे, पण उतावीळ पालकांना हेच सर्वाधिक जड जाते.

पालक व मूल खेळत असताना चित्रफीत घेतली जाते. ती एकत्र पाहताना एरवी निसटून गेलेली नजर, हातवारा किंवा उच्चार ध्यानात येतो. मूळ पद्धत ब्रिटनमधील 'पॅक्ट'. दक्षिण आशियात तज्ज्ञांची वानवा असल्याने येथे मार्गदर्शनाचे काम प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ आरोग्य कार्यकर्त्यांकडे सोपविण्यात आले.

गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'च्या २०१६ मधील अंकात आले. पालकांचा प्रतिसाद मुलांच्या कलाने होऊ लागला, मुलेही स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा काळ वाढण्याऐवजी घटल्याचे दिसले.