रुमाल, नस्ती, बफर

संगमेश्वरला नावडीच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या किराणा दुकानात गल्ल्याच्या डोक्यावर एक तार टांगलेली आहे. हातभर लांबीची, वरचे टोक आकड्यासारखे वळवून धारदार केलेली, तळाला लाकडाची चकती. उधारीची चिठ्ठी झाली की दुकानदार ती टोकाला टोचतो आणि बोटाने खाली सरकवतो. आजची सगळ्यात वर, कालची तिच्याखाली, गणपतीतली पार चकतीपाशी. गिऱ्हाइकाने ‘माझे किती झाले हो?’ विचारले की तार खाली उतरते, चिठ्ठ्यांच्या कडा पत्त्यांसारख्या चाळल्या जातात आणि नेमकी हवी ती चिठ्ठी अर्धी बाहेर येते. मी दिवसभर संगणकावर मजकूर लिहिण्या-तपासण्याचे काम करतो आणि माझ्या टेक्स्ट एडिटरमध्ये एका वेळी पन्नास-साठ फाइली उघड्या असतात. त्या दुकानात उभा राहिलो की मला त्या तारेचा हेवा वाटतो. गंमत अशी की फाइल हा शब्द मुळात तिचाच. लॅटिन भाषेत ‘फिलुम’ म्हणजे दोरा. युरोपातल्या कचेऱ्यांत कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवत, त्या ओवण्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘फाइल’ घडली आणि फिरत फिरत माझ्या पडद्यावर आली. उघड्या कागदांवर नजर ठेवण्याच्या ह्या कलेचा माग आपण काढू लागलो, तर पहिला मुक्काम घराजवळच लागतो.

नावडीपासून कसबा संगमेश्वर फार दूर नाही. १६८९च्या फेब्रुवारीच्या आरंभी तिथेच संभाजी महाराज आणि कवी कलश मुकर्रबखानाच्या हाती लागले, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. आपल्या कामाचा माणूस मात्र त्याआधीच्या पिढीतला आहे. बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे चिटणीस, आणि परंपरा सांगते की ते महाराजांना आपल्याच बाजूच्या राजापुरात सापडले. त्यांची आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. महाराजांनी एका पत्राचे उत्तर लिहून आणायला सांगितले, कामाच्या रगाड्यात ते राहून गेले, आणि वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा चिटणिसांनी कोरा कागद हातात धरून सबंध पत्र अस्खलित ‘वाचले’. शेजारी उभा असलेला मशालजी हसला म्हणून बिंग फुटले. गोष्ट खरी की रचलेली, ह्यात मी पडत नाही. चांगल्या कारकुनाची तेव्हाची कल्पना तीत पुरती उतरली आहे: चालू असलेला प्रत्येक कागद डोक्यात उघडा असायचा, कागदावर तो नंतर उतरला तरी चाले. ह्या पद्धतीत धोका एकच, माणूस गेला की सगळे दप्तर त्याच्याबरोबर जाते. बाळाजी आवजींना १६८१मध्ये फितुरीच्या आरोपावरून देहदंड झाला.

दप्तर हा शब्दही लांबून आला आहे. ग्रीक भाषेत ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर लिहीत. ते फारसीत ‘दफ्तर’ झाले, मराठी राजवटीत कचेरी आणि तिचे कागद दोन्हींना लागू झाले, आणि आता पहिलीतल्या पोराच्या पाठीवर लोंबते. त्या दप्तराचे एकक रुमाल. हा रुमाल खिशातला नव्हे; जाड कापडाचा मोठा चौकोन, मधोमध मोडी कागदांची पुडकी, चारही टोके ओढून वर गाठ. गाठ सुटली म्हणजे कागद ‘उघडा’, बांधली म्हणजे बंद. आत लांब लांब कागदी पट्ट्या, एक संपली की तिला दुसरी डकवलेली. पेशव्यांच्या फडावर नोंदी ठेवण्याच्या दोन वाटा शेजारी शेजारी चालत. रोजकीर्दीत त्या दिवशी जे घडले ते त्याच क्रमाने उतरायचे. खतावणीत तेच सगळे फोडून ज्याच्या त्याच्या नावाखाली न्यायचे. आपण इथे जरा रेंगाळूया, कारण पुढच्या दोनशे वर्षांत ह्या कलेत जे जे नवे म्हणून आले, ते ह्या दोहोंपैकी एकीचेच नवे रूप आहे असे मला दिसते. हवा तो कागद एक तर ‘कधी’ने सापडतो नाहीतर ‘कोणाचा’ने. किराणा दुकानातली तार ही रोजकीर्द, आणि शेजारी ठेवलेली लाल कापडी बांधणीची चोपडी ही खतावणी.

१८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि हे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनाम कमिशनला, विशेषतः १८५२च्या कायद्यानंतर, त्यात एकच गोष्ट पाहायची होती: कोणाच्या सनदेत दम आहे आणि कोणाचे इनाम काढून घेता येईल. लढाईची पत्रे, घरगुती पत्रे, वकिलांचे अखबार त्यांच्या लेखी अडगळ. पुढे पुण्यात १८९१मध्ये ह्या कागदांसाठी खास दगडी इमारत उभी राहिली. रुमाल सुरक्षित झाले, पण त्यांत काय आहे हे बांधणाऱ्यांबरोबर गेले होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून वेचे काढले. इतिहाससंशोधक राजवाडे सरकारी दाराशी थांबले नाहीत; गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवत राहिले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापू लागले. सरकारी दार खऱ्या अर्थाने उघडले ते रत्नागिरी जिल्ह्यातल्याच माणसासाठी. गोविंद सखाराम सरदेसाई, जन्म १८६५, गाव गोविल. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या ह्या रियासतकारांनी पासष्टीच्या उंबरठ्यावर हे काम अंगावर घेतले आणि १९३० ते १९३४ ह्या काळात निवडक कागदांचे ४५ भाग बाहेर काढले. पानिपताची पत्रे एका भागात, दुसरे प्रकरण दुसऱ्यात, आणि आत तारखांचा क्रम. म्हणजे खतावणीच्या पोटात रोजकीर्द. मला ह्या ४५ भागांइतकेच अप्रूप त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे आहे: त्याच दप्तरात कुठे काय सापडते एवढेच सांगणारी इंग्रजी मार्गदर्शिका. कागद वाचण्याआधी कागद शोधायचे कसे, ह्यावर सबंध पुस्तक लिहावे लागले!

इंग्रजी अमदानीत रुमालाची फाइल झाली, गाठीची लाल फीत झाली, आणि स्वतंत्र महाराष्ट्रात राजभाषेने फाइलीला ‘नस्ती’ हे नाव दिले, जे टिपणीत लिहितात आणि बोलताना कोणी वापरत नाही. संगमेश्वर तालुक्याची कचेरी देवरुखला आहे. तिथे किंवा राज्यातल्या कुठल्याही तहसिलात जुन्या अव्वल कारकुनाला विचारा, तो सहा गठ्ठ्यांची पद्धत तोंडपाठ सांगेल. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर आपण काही करायचे आहे. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडलेले. तिसरा नियतकालिकांचा, ठरल्या तारखेला पाठवायची विवरणपत्रे. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षात जायचे कागद, सहावा नष्ट करायचे. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरी-सुधारणेचा धडाका लावला तेव्हा ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द सरकारी मराठीत कायमचा शिरला. कचेरीची चेष्टा करणे सोपे आहे. पण ह्या सहा गठ्ठ्यांत मला एक अस्सल शोध दिसतो. कागद ‘कधी’चा आणि ‘कोणाचा’ हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवून इथे तिसराच प्रश्न विचारलेला आहे: ह्या कागदाचे आता करायचे काय?

आता आपण समुद्रापलीकडे जाऊ, फार वेळ नाही. तिकडे १८९७मध्ये जेम्स न्यूटन गन नावाच्या गृहस्थाने कार्डांच्या वरच्या कडेला डोके वर काढणाऱ्या पट्टीचे पेटंट घेतले. आज ब्राउझरमध्ये वर दिसतो तो टॅब तिचाच वंशज. १९६२च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत डॅन मर्फी यांनी टेको हा एडिटर लिहिला. त्याचे मूळ नाव टेप एडिटर, कारण मजकूर भोके पाडलेल्या कागदी फितीवर असायचा. मोडीच्या डकवलेल्या पट्ट्यांपासून हे फार दूर नव्हे. टेकोच्या डोक्यावर १९७६मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी इमॅक्स उभारला. त्याच वर्षी बर्कलीत बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला. स्वभाव दोघांचे वेगळे. व्हीआय एका वेळी एकच कागद समोर धरायचा. दुसरा घ्यायचा तर हातातला आधी जतन करा. इमॅक्सने मात्र हवे तेवढे कागद एकाच वेळी उघडे ठेवले आणि प्रत्येकाला बफर म्हटले. बफर म्हणजे फाइल नव्हे, तिचा खर्डा. खाडाखोड खर्ड्यावर, आणि जतन केल्यावर ती पक्क्या कागदावर. आणि त्या यादीचा क्रम? शेवटचा हाताळलेला सगळ्यात वर, थेट नावडीच्या तारेसारखा. १९९१मध्ये ब्रॅम मोलेनार यांनी व्हिम आणला, २००६मध्ये त्यात टॅब आले. इमॅक्सला स्वतःची टॅबपट्टी २०२०मध्ये मिळाली, आणि मला ती कधी मानवली नाही. सात-आठ टॅबपर्यंत ठीक, साठ झाले की प्रत्येकाचे नाव दोन अक्षरांवर येते.

ह्या साऱ्यात एक जागा आपल्याकडच्या माणसाला ओळखीची वाटावी. एकाच नावाच्या दोन फाइली उघडल्या तर करायचे काय? जुना इमॅक्स दुसरीच्या नावापुढे दोनचा आकडा लावायचा. कुठली पहिली आणि कुठली दुसरी हे ज्याने उघडल्या त्यालाच ठाऊक, आणि दुपारच्या जेवणानंतर त्यालाही नाही. २०१४पासून तो नावाला आपण होऊन फोल्डरचे नाव जोडून देतो. आमच्या तालुक्यात हा प्रश्न कधीच सुटला आहे: आंबेड खुर्द आणि आंबेड बुद्रुक. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक हे फारसी ‘बुजुर्ग’चे रूप, म्हणजे थोर. एका नावाची दोन गावे दप्तरात एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून कोण्या कारकुनाने लावलेली ही शेपटे एसटीच्या पाट्यांवर अजून दिमाखात आहेत. माझ्या फोल्डरांतही मी एक-दोन असे आकडे टाकणे सोडले. दोन सारख्या खर्ड्यांना खुर्द-बुद्रुक लावतो. त्याने एकदाही घोटाळा झालेला नाही.

माझी आजची मांडणी एका पावसाळ्यात बसली. जुलैची रात्र, शास्त्री आणि सोनवी दोन्ही नद्या फुगलेल्या, सगळ्यांचे लक्ष पाणी बाजारपेठेत शिरते का इकडे. वीज गेली आणि बॅटरीनेही दगा दिला. मजकूर फारसा गेला नाही. गेले ते वेगळेच. कोणते पन्नास कागद उघडे होते, कोणता कशासाठी अडकला होता, तो नकाशाच पुसला गेला. बाळाजी आवजींसारखा मी कोऱ्या पडद्याकडे पाहत बसलो, आणि मला काही वाचता येईना. दुसऱ्या दिवशी पहिले काम केले ते इमॅक्सची डेस्कटॉप नावाची सोय चालू करण्याचे. उघड्या फाइलींची यादी ती ठराविक वेळाने लिहून ठेवते आणि पुन्हा सुरू केले की सगळे रुमाल होते तसे सोडून मांडते. दुसरे काम आयबफरचे. २००७पासून इमॅक्सबरोबर येणाऱ्या ह्या यादीत बफरांचे आपल्याला हवे तसे गट पाडता येतात, आणि नियम आपणच लिहायचे. लोक सहसा भाषेप्रमाणे किंवा प्रकल्पाप्रमाणे गट करतात. मी दोन आठवडे तसे केले, मग तहसिलातले गठ्ठे आठवले. आता माझ्या पडद्यावर प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी, अभिलेख आणि नष्ट असे सहा मथळे असतात. कुठली फाइल कुठे जाणार हे तिच्या फोल्डरावरून ठरते, आणि प्रत्येक गटाच्या आत ताजी सगळ्यात वर. नावापुढे ताऱ्याची खूण म्हणजे खर्डा अजून पक्का व्हायचा आहे. अविनाश चोपड्यांच्या आयट्रान्स पद्धतीने देवनागरीत लिहिलेली ही नावे इमॅक्स मुकाट्याने मान्य करतो. एका कळीवर नुसती ‘कधी’ची यादी, दुसरीवर हे गठ्ठे. नियम लिहायला ओळी लागल्या चाळीसच, पण त्या नीट बसवण्यात भाताची लावणी उरकली.

गेल्या महिन्यात मी रत्नागिरीला गेलेलो असताना एक मजकूर तातडीने हवा झाला. घरी भाचा होता, संगणकात माझ्यापेक्षा चारपट तरबेज. फोनवर म्हणाला, “मामा, यंत्र उघडलंय, पण इथे ती फाइल नाहीच.”

“अरे, प्रतीक्षाधीनमध्ये बघ.”

“कोणाच्या प्रतीक्षेत?”

“मुद्रकाच्या. त्याचं उत्तर आलं नाही म्हणून ती तिथे गेली.”

पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग तो म्हणाला, “मामा, हे तुम्हालाच कळतं. मी सरळ नावाने शोधतो.” आणि अर्ध्या मिनिटात त्याने फाइल पाठवली. परत आलो तर संगणकाच्या कडेला त्याने एक चिठ्ठी डकवलेली होती. सहाही गठ्ठ्यांची नावे एकाखाली एक, प्रत्येकापुढे त्याच्या भाषेत अर्थ, आणि सहाव्यापुढे लिहिलेले: ‘मामा हे कधीच उडवत नाहीत.’