नीलसाहेबाचा पुतळा

वाचकहो, गावाच्या वेशीजवळ, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या जुन्या वडाखाली उभी केलेली कोरीव शिळा तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस असतो, कधी खाली गाईगुरे असतात, वर चंद्रसूर्य असतात. तिला आपण वीरगळ म्हणतो. गावची गुरे हाकून नेणाऱ्यांशी झुंजताना कोणी पडला, तर त्याची आठवण म्हणून अशी शिळा उभी राहत असे. आज बहुतेक ठिकाणी त्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही, साल ठाऊक नाही. तरीही जातायेता लोक तिला हात जोडतात. हा माणूस आपल्यासाठी मेला, एवढे ती शिळा न बोलता सांगते.

आता उलटी कल्पना करून पाहा. ज्याने गाव जाळले, त्याचाच दगड कोणी वेशीत आणून उभा केला, आणि रोज गुरे चारायला नेताना तुम्हाला त्याच्या सावलीतून जावे लागले, तर गावाने काय करावे? तो दगड फोडावा, की "दगडच तो, राहू द्या" म्हणून गप्प बसावे? ही नुसती कल्पना नाही बरे का. मद्रास शहरातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर असा एक पुतळा सुमारे पाऊणशे वर्षे उभा होता. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

तो पुतळा जेम्स नील नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा. हा मूळचा स्कॉटलंडचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत त्याची हयात गेली. १८५७ साली उत्तरेत उठाव झाला, तेव्हा मद्रासेकडची गोऱ्या शिपायांची एक पलटण त्याच्या हाताखाली होती. ती घेऊन तो कलकत्त्याला उतरला आणि जूनच्या आरंभी काशीला पोचला. ४ जूनला तिथल्या देशी पलटणीची हत्यारे काढून घेताना गोळीबार झाला, आणि त्यानंतर शहरात व आसपासच्या मुलखात फाशीचे सत्र सुरू झाले. तिथून ११ जूनला तो प्रयागला, म्हणजे अलाहाबादच्या किल्ल्यात आला. तिथेही तेच. आजूबाजूची गावे पेटवली गेली. दोषी कोण, निर्दोष कोण, याची चौकशी करायला सवड कोणाला होती? महिनाअखेर त्याने एक तुकडी कानपूरच्या वाटेला पुढे पाठवली. वाटेवरची अमुक गावे नष्ट करा, असा लेखी हुकूम तिच्याबरोबर दिला होता. ही आपल्या पदरची भर नव्हे. काशी-प्रयागकडच्या या फाशांची हकीकत जॉन के यांच्यासारख्या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवली आहे.

इथे कोणी म्हणेल, "अहो, पण कानपुरात इंग्रज बायकामुले मारली गेली, त्याचा हा सूड होता." हे म्हणणे नीट तपासून पाहिले पाहिजे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. कानपुरात भयंकर गोष्ट घडली, हे निर्विवाद आहे. २७ जूनला सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांवर हल्ला झाला. पुढे १५ जुलैला बीबीघर नावाच्या घरात कोंडलेल्या सुमारे दोनशे बायकामुलांची कत्तल झाली. तिचा हुकूम कोणी दिला, यावर आजही वाद आहे. पण हुकूम कोणाचाही असो, ते कृत्य निंद्यच. नानासाहेब पेशव्यांचे नाव त्या प्रसंगाशी जोडले गेले आहे, म्हणून आपण मराठी माणसांनी तिकडे डोळेझाक करावी, असे मुळीच नाही.

पण आता तारखा मांडून पाहा. काशीच्या आणि प्रयागच्या फाशा जूनमधल्या. बीबीघर जुलैच्या मध्यावरचे. मग आधी घडलेली गोष्ट नंतर घडलेल्या गोष्टीचा सूड कशी होईल? मेरठ, दिल्ली आणि प्रयाग इथे त्याआधी इंग्रज मारले गेले होते, हेही खरे. परंतु त्यात ज्यांचा हात नव्हता अशा गावकऱ्यांची गावे त्यासाठी जाळली गेली. शिक्षकबंधूंनो, इतिहासातल्या तारखा मुलांना रुक्ष वाटतात, पण खोटी समजूत उघडी पाडायला कधीकधी दोन तारखा पुरतात, त्या अशा.

नील कानपुरात पोचला तो २० जुलैला. २५ जुलैला त्याने हुकूम काढला, की ज्यांना फाशी द्यायचे त्यांना आधी बीबीघरातल्या रक्ताच्या डागांचा काही भाग साफ करायला लावावा, आणि कोणी नाकारले तर चाबकाने फोडून काढावे. माणसाला मारायचे आणि मारण्यापूर्वी त्याचा धर्म बुडाला असे त्याला वाटायला लावायचे, हा त्यामागचा उघड हेतू होता. नोव्हेंबरात इंग्रजांचाच सरसेनापती सर कॉलिन कँबेल याने हा प्रकार बंद करायला लावला. म्हणजे "तो काळच तसा होता" एवढे म्हणून भागत नाही. त्याच काळातल्या, त्याच्याच फौजेतल्या माणसाला ते लाजिरवाणे वाटले होते.

नील भित्रा नव्हता. २५ सप्टेंबर १८५७ रोजी लखनौत वेढ्यात सापडलेल्या आपल्या लोकांच्या सुटकेसाठी शिरताना तो गोळी लागून ठार झाला. त्याच्या देशबांधवांना तो वीर वाटला आणि वर्गणी जमवून त्यांनी त्याचे पुतळे उभे केले. एक स्कॉटलंडमधल्या एअर या त्याच्या मुलखातल्या गावी, आणि दुसरा मद्रासच्या माउंट रोडवर, ऐन रहदारीच्या जागी. मॅथ्यू नोबल नावाच्या नामांकित मूर्तिकाराने ते घडवले. मद्रासच्या चौथऱ्यावर त्याच्या पराक्रमाची तारीफ कोरली होती. जळलेल्या गावांबद्दल तिथे एक अक्षर नव्हते.

१९२७ साली मद्रास प्रांतातल्या तरुणांनी ठरवले, की हा पुतळा इथे नको. तिरुनेलवेलीच्या सोमयाजुलूंनी पुढाकार घेतला. स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी येत, हातोडा-छिन्नीने पुतळ्यावर घाव घालत, आणि पोलीस आले की निमूटपणे अटक करून घेत. कडलूरच्या अंजलै अम्माळ आपल्या लहान मुलीला घेऊन या सत्याग्रहात उतरल्या आणि मायलेकींना शिक्षा झाली. पुढे मद्रासचे मुख्यमंत्री झालेले कामराज तेव्हा ऐन विशीतले होते. तेही या लढ्यात होते. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी मद्रासला आले आणि या स्वयंसेवकांना भेटले. त्यांनी तरुणांची मागणी रास्त मानली, पण एक अट घातली. मनात द्वेष नको आणि हातून हिंसा नको.

पुतळा लगेच हलला नाही. सरकार हटेना. सत्याग्रह थंडावला, पण प्रश्न मिटला नव्हता. १९३७ साली निवडणुका होऊन प्रांताचा कारभार राजगोपालाचारींच्या हाती आला, आणि त्याच वर्षी पुतळा माउंट रोडवरून काढण्यात आला. फोडला नाही, वितळवला नाही, समुद्रात लोटला नाही. आज तो चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे. स्कॉटलंडमधला जोडीदार पुतळा मात्र आपल्या जागी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुष्कळ भली माणसे म्हणतात, "पुतळे हलवू नका, त्याने इतिहास पुसला जातो." हे ऐकायला बरोबर वाटते, पण मला ते पटत नाही. का, ते सांगतो. चौकातला पुतळा म्हणजे इतिहास नव्हे. तो मान आहे. पारावर मधोमध कोणाला बसवायचे, हे गाव ठरवते. ज्याला तिथून उठवले, तो गावात राहतच नव्हता असे त्यामुळे ठरत नाही. नील माउंट रोडवर उभा होता, तेव्हा त्याच्याविषयी लोकांना खरे किती कळत होते? चौथऱ्यावरची स्तुती, तेवढेच. संग्रहालयात आला, तेव्हा तो कोण होता, त्याने काय केले आणि त्याला रस्त्यावरून का काढले, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगण्याची सोय झाली. मग इतिहास वाढला की कमी झाला?

पण हेही तितकेच खरे, की पुतळा हलवला म्हणजे काम संपले असे नाही. कानपूरचेच पाहा. बीबीघराच्या विहिरीवर इंग्रजांनी संगमरवरी देवदूत उभारला होता आणि त्या बागेत हिंदी माणसाला सहजी प्रवेश नसे. स्वातंत्र्यानंतर तो देवदूत तिथल्या चर्चच्या आवारात नेला गेला, बागेला नानासाहेबांचे नाव मिळाले आणि तात्या टोप्यांचा पुतळा तिथे उभा राहिला. हे योग्यच झाले. परंतु त्याच जागी बायकामुलेही मारली गेली होती, हे तिथे फिरायला येणाऱ्या मुलाला कोणी सांगितले पाहिजे की नाही? एक अर्धसत्य काढून त्या जागी दुसरे अर्धसत्य बसवले, तर आपण नीलच्या चौथऱ्यावर अक्षरे कोरणाऱ्यांहून फार वेगळे ठरत नाही.

आपल्या मुंबईचा काळा घोडा तर तुम्हाला ठाऊकच आहे. घोड्यावर स्वार होता तो इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड झालेला. १९६५ साली तो पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे नेला. पण लोकांच्या तोंडी जागेचे नाव काळा घोडाच राहिले. २०१७ साली त्या परिसरात पुन्हा घोडा बसवला, तोही स्वाराशिवाय! लोकांची आठवण पुतळ्यावर टांगलेली नसते, ती अशी आपल्या वाटेने चालत राहते.

आणि हा पेच काही आपल्याच देशापुरता नाही. अमेरिकेत गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली १८६५ साली शरण आला. रिचमंड शहरात त्याचा भव्य पुतळा उभा राहिला तो १८९० साली, म्हणजे लढाई हरल्यावर पंचवीस वर्षांनी. गुलामीतून सुटलेल्यांची मुलेबाळे त्याच शहरात राहत होती. पण कोणाचा पुतळा लावावा, हे ठरवताना त्यांच्या म्हणण्याला किंमत नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये तो पुतळा उतरवला गेला. तिथेही रस्त्यावर कडाक्याचे भांडण झाले. मद्रासच्या मंडळींना हे सारे ओळखीचे वाटले असते.

मग ठरवावे कसे? माझ्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, पुतळा कोणी आणि कधी उभारला? दुसरा, ज्या कृत्यासाठी त्याला मान दिला, ते कृत्य आज चारचौघांत, त्यात ज्यांनी सोसले त्यांच्या नातवंडांसमोर, ताठ मानेने सांगता येईल का? तिसरा, तो हलवला तर त्याची पूर्ण हकीकत जपायची व्यवस्था आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्या विरुद्ध गेली, तर तो चौकात नको. तिसऱ्याचे उत्तर "नाही" असेल, तर आधी ती व्यवस्था करा, मग दोर बांधा. आणि हे सारे सभेत, ठराव करून, दिवसाउजेडी व्हावे. रात्री डांबर फासून पळून जाण्याने कोणाचेही शिक्षण होत नाही. हीच फुटपट्टी आपल्या बाजूच्या माणसालाही लावायची, हे मात्र विसरू नका. तिथेच खरी कसोटी आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक काम मुलांना जरूर द्या. आपल्या गावात किंवा तालुक्याच्या गावी जे पुतळे, शिळा, कोनशिला असतील, त्यांची यादी करायला सांगा. कोणी उभारले, कधी, त्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून वहीत उतरवू द्या. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची कत्तल डोळ्यांनी पाहिली ती वरसईच्या विष्णुभट गोडसे या एका गरीब भिक्षुकाने. त्याने ती लिहून ठेवली आणि १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने ती छापून आली. झाशीत मेलेल्या सामान्य माणसांचे पुतळे कोणी उभारले नाहीत, तरी ती माणसे आपल्याला आज माहीत आहेत, ती त्या लिहिण्यामुळे.

काशी-प्रयागच्या वाटेवर जळलेल्या त्या गावांची वीरगळ कुठेच नाही. नीलचा पुतळा रस्त्यावरून हलला, हा त्यांना मिळालेला अर्धा न्याय. उरलेला अर्धा आपल्या शाळेच्या फळ्यावर, खडूने लिहायचा आहे.